‘झोप लागणे’ आणि ‘काळजी करणे’ : निद्रानाशाच्या एका उपपत्तीचे भाषिक परीक्षण

महाभारताच्या उद्योगपर्वातील ‘प्रजागरपर्व’ हे उपपर्व आपल्याकडे ‘विदुरनीती’ या नावाने प्रसिद्ध आहे. नीतिवचनांचा संग्रह म्हणूनच ते बहुधा वाचले जाते. त्यामुळे ही सारी नीती झोप न येणाऱ्या एका माणसाला रात्री सांगितली गेली आहे, याचा सहसा विसर पडतो. संजय पांडवांकडून परत आला आहे. त्याने धृतराष्ट्राची निर्भर्त्सना केली आहे. परंतु युधिष्ठिराचा निरोप मात्र उद्या सभेत सांगेन असे म्हणून तो निघून गेला आहे. तो निरोप काय असेल या विचाराने राजाच्या अंगाचा दाह होत आहे आणि म्हणून त्याने विदुराला बोलावून घेतले आहे. विदुर आरंभीच सांगतो की, बलवानाशी वैर पडलेला साधनहीन दुर्बल, सर्वस्व हरपलेला, कामातुर आणि चोर यांना जागरण घडते. आणि मग विचारतो की, यांपैकी काही तुझ्या वाट्यास आलेले नाही ना? भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष येथे वाक्याच्या रचनेकडे जाते. मूळ संस्कृत वाक्यात ‘प्रजागर’ हा कर्ता आहे, तोही बहुवचनी. माणूस द्वितीयेत, म्हणजे कर्मस्थानी आहे. माणूस जागत नाही. जागरणे त्याच्यात प्रवेश करतात.

या रचनेत केवळ काव्य आहे की निद्रानाशाविषयीचे काही खरे निरीक्षणही आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय. त्यासाठी आधुनिक मानसशास्त्रातील एक बहुचर्चित उपपत्ती परीक्षणासाठी घेतली आहे. ॲलिसन हार्वी यांनी २००२ साली मांडलेले निद्रानाशाचे बोधात्मक प्रतिमान ती हीच. या क्षेत्रातील पुढील संशोधनावर तिचा मोठा प्रभाव पडला आहे. ती मानसशास्त्रज्ञांची असली, तरी तिचा पुष्कळसा पुरावा रुग्णाच्या शब्दांतून आणि प्रश्नावल्यांतून येत असल्यामुळे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने तिच्याविषयी बोलणे अनधिकाराचे ठरू नये.

प्रथम उपपत्तीची पूर्वपीठिका पाहू. १९८० साली लिक्स्टाइन आणि रोझेंथाल यांनी निद्रानाशाच्या रुग्णांना त्यांच्या जागरणाचे कारण विचारले, तेव्हा शरीराच्या ताणापेक्षा मनाच्या चाळवलेपणाकडे बोट दाखविणारांची संख्या कित्येक पटींनी अधिक भरली. १९८५ साली निकासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निद्रापूर्व अवस्था मोजण्यासाठी १६ विधानांची एक श्रेणी तयार केली. त्यांपैकी ८ विधाने शरीराविषयी आहेत : छातीची धडधड, स्नायूंचा ताठरपणा, घाम, कोरडे पडलेले तोंड इत्यादी. उरलेली ८ मनाविषयी आहेत : झोप लागेल की नाही याची काळजी, दिवसभराच्या घटनांची उजळणी, विचार थांबविता न येणे इत्यादी. प्रत्येक विधानाला १ ते ५ असे गुण द्यावयाचे असतात. पुढे १९८७ साली आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी निद्रानाशाच्या कारणांची तीन गटांत विभागणी केली : माणसाला त्याकडे झुकविणारी, त्याला सुरुवात करून देणारी आणि त्याला टिकवून धरणारी. या विभागणीच्या प्रकाशात पाहिले, तर विदुराची यादी ही दुसऱ्या गटातील कारणांची यादी आहे. पहिल्या रात्रीच्या जागरणाचा उलगडा तिने होतो; शंभराव्या रात्रीच्या जागरणाचा होत नाही. वैर मिटले, गेलेले धन परत आले, तरी झोप परत येत नाही असे का घडावे, हा प्रश्न उरतोच. हार्वी यांचे प्रतिमान उत्तर देते ते या प्रश्नाचे.

ते उत्तर थोडक्यात असे. रात्री बिछान्यावर पडलेल्या माणसाच्या मनात चिंतेचे विचार प्रमाणाबाहेर घोळू लागतात. या विचारांमुळे शरीर आणि भावना चाळवल्या जातात. चाळवलेला माणूस धोक्याचा कानोसा घेऊ लागतो, आणि हा धोका म्हणजे झोप न येणे हाच असल्यामुळे तो घड्याळाकडे, स्वतःच्या हृदयाच्या ठोक्यांकडे, गल्लीतल्या आवाजांकडे आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या थकव्याकडे बारकाईने लक्ष ठेवतो. जो शोधतो त्याला सापडते. त्यामुळे आपण प्रत्यक्षात झोपलो त्याहून कमी झोपलो, आणि दिवसही प्रत्यक्षात गेला त्याहून वाईट गेला, असा त्याचा समज होतो. या समजातून तो लवकर बिछान्यावर जाणे, दुपारी पडून राहणे, ठरलेली कामे टाळणे असे उपाय योजतो, आणि हे उपाय मुळातल्या समजुतीलाच खतपाणी घालतात. अशा रीतीने चक्र पूर्ण होते. मूळ काळजी कशाचीही असो, शेवटी ती झोपेचीच काळजी होऊन बसते.

या प्रतिमानाचा पहिला गुण असा की, त्याचे भाग सुटे करून तपासता येतात. झोप लवकर यावी म्हणून केलेला प्रयत्न उलट फळ देतो, हे ॲन्सफील्ड, वेग्नर आणि बाउझर यांनी १९९६ साली दाखविले होतेच. कवायतीच्या संगीताने मनावर भार टाकलेला असताना ज्यांना शक्य तितक्या लवकर झोपावयास सांगितले, त्यांना झोप लागण्यास, वाटेल तेव्हा झोपा असे सांगितलेल्यांपेक्षा अधिक वेळ लागला. २००७ साली टँग, श्मिट आणि हार्वी यांनी घड्याळावर नजर ठेवण्याचा परिणाम तपासला. घड्याळ पाहत राहण्यास सांगितलेल्यांनी अधिक काळजी आणि झोप लागण्यास अधिक विलंब नोंदविला. दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. झोप न येणाऱ्या माणसाला ‘मन खंबीर कर’ असे सांगण्याची आपली जी जुनी रीत आहे, तिचा फोलपणा ही उपपत्ती सकारण सिद्ध करते. खंबीरपणा हाही एक प्रयत्नच आहे, आणि प्रयत्न हेच तर येथे दुखणे आहे. कॉलिन एस्पी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली हाच मुद्दा अवधान, हेतू आणि प्रयत्न अशा तीन पायऱ्यांत मांडला : चांगली झोप ही आपोआप होणारी गोष्ट आहे, तिच्याकडे लक्ष गेले, ती हेतुपूर्वक आणावी असे वाटले आणि त्यासाठी प्रयत्न केला की ती बिघडते.

येथपर्यंत उपपत्तीशी आपले मतभेद नाहीत. आता ही गोष्ट मराठीच्या रचनेत कशी दिसते ते पाहू. मराठीत ‘मी झोपतो’ आणि ‘मला झोप लागते’ ही दोन स्वतंत्र वाक्ये आहेत आणि त्यांचे अर्थ एक नाहीत. ‘मी दहाला झोपलो, पण बारापर्यंत झोप लागली नाही’ हे वाक्य मराठी माणसाला मुळीच विसंगत वाटत नाही. पहिल्या क्रियापदात ‘मी’ कर्ता आहे आणि क्रिया आहे ती अंग टाकण्याची. दुसऱ्यात कर्तृत्व झोपेकडे गेले आहे, आणि माणूस ‘-ला’ हा प्रत्यय घेऊन अनुभव घेणाराच्या जागी बसला आहे. झोप येते, लागते, चाळवते, मोडते, उडते. माणूस यांपैकी काहीही करीत नाही. जागेपणाचेही तसेच : ‘पाचला जाग आली, सातला उठलो.’ जाग येते. उठणे मात्र आपल्या हातचे असते. भूक, तहान, आठवण, राग, भीती यांचीही रचना याच जातीची आहे. ही रचना एकट्या मराठीची नव्हे. कॉलिन मॅसिका यांनी १९७६ साली भारतीय भाषाक्षेत्राची जी समान लक्षणे दाखविली, त्यांत तिला महत्त्वाचे स्थान आहे, आणि कानडी-तेलुगू या द्राविडी भाषांतही ती आढळते.

म्हणजे एस्पी यांनी तीन पायऱ्यांत सांगितलेले तत्त्व मराठी व्याकरणाने एका विभक्तिप्रत्ययात सांगून ठेवले आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. हा मोह आवरला पाहिजे. व्याकरण म्हणजे औषध नव्हे. ‘मला झोप लागते’ असे बोलणारी माणसेही रात्रभर तळमळतात, आणि झोपेत ‘पडणे’ अशा अर्थाची रचना वापरणारा इंग्रज तरी झोपेचा कर्ता कोठे आहे? भाषेमुळे निद्रानाश होतो वा टळतो, असे येथे प्रतिपादावयाचे नाही. प्रतिपादन इतकेच की, झोप ही घटना आहे, कृती नव्हे, हा भेद ज्या भाषेत क्रियापदाच्या निवडीतच व्यक्त होतो, त्या भाषेत रुग्णाला प्रश्न विचारताना क्रियापद चुकले तर उत्तरही चुकते.

याची किंमत प्रत्यक्षात काय पडते ते पाहावे. निद्रानाशाच्या तपासणीत रुग्णाकडून झोपेची रोजनिशी लिहून घेतात. बिछान्यावर केव्हा गेलात, झोप केव्हा लागली, जाग केव्हा आली आणि उठलात केव्हा, ही तिच्यातली चार मुख्य टिपणे. पहिल्या दोहोंतील अंतर हेच येथे मोजावयाचे असते. अशा रोजनिशीत ‘किती वाजता झोपलात?’ असा प्रश्न घातला तर मराठी रुग्ण दहा असे लिहील, आणि ते खरे असेल; परंतु वाचणाराने तेच झोप लागल्याची वेळ म्हणून घेतले, तर दोन तासांचे जागरण कागदावरून नाहीसे होईल. हाच धोका ‘किती वाजता उठलात?’ या प्रश्नातही आहे. पाच ते सात हे दोन तास छताकडे पाहण्यात गेले, हे त्यात कोठेच उमटत नाही.

याहून खोल अडचण ‘काळजी’ या शब्दाची आहे. मराठीत काळजी करतात, काळजी वाटते, काळजी लागते आणि काळजी घेतात. शेवटच्या प्रयोगात तिचा अर्थच पालटतो. ती जोपासना होते. पहिल्या तिहींत अर्थ जवळचे असले, तरी कर्तृत्व निरनिराळे आहे. ‘काळजी करू नकोस’ असे आपण म्हणतो, कारण करणे सोडून देता येते. ‘काळजी लागू देऊ नकोस’ असे कोणी म्हणत नाही, कारण ती लागली की लागते. फार तर ‘जिवाला लावून घेऊ नकोस’ असे म्हणतात. पुन्हा या शब्दाला मोल चिकटलेले आहे. काळजी करणारी आई ही आपल्याकडे चांगली आई, आणि कशाचीच काळजी नसलेला माणूस बेजबाबदार. ‘तळमळ’ या शब्दाचेही तेच. बिछान्यावरची तळमळ हे दुःख, तर कार्यकर्त्याची तळमळ हा गुण. मग ‘मी फार काळजी करते’ या विधानापुढे गुण मांडणारी गृहिणी आपला आजार नोंदवीत आहे की आपले कर्तव्य, हे कसे ओळखावे?

प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाचे महत्त्व पुस्तकातून कळलेले नाही. काही वर्षांपूर्वी, वडिलांच्या दीर्घ आजारपणात, त्याची स्वतःची झोप उडाली होती आणि ते आजारपण संपल्यानंतरही ती परतली नव्हती. वैद्यकीय तपासणीत प्रश्न आला : ‘तुम्ही फार काळजी करता का?’ त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले : ‘नाही. नुसते विचार येतात.’ कागदावर ‘काळजी नाही’ अशी नोंद झाली. विचारणाराचा त्यात दोष नव्हता आणि उत्तर देणाराने खोटेही सांगितले नव्हते. व्याकरणाच्या दृष्टीने उत्तर बिनचूक होते : ‘करण्या’विषयी विचारले होते, आणि ‘करणे’ खरोखरच घडत नव्हते. मात्र जे येत होते तेच दुखणे होते, आणि ते त्या नोंदीतून निसटले. ‘रात्री पडल्यावर विचार येतात का? ते थांबवू म्हटल्यास थांबतात का?’ असे विचारले असते, तर उत्तर निराळे आले असते.

येथे हार्वी यांच्या उपपत्तीवरील आपला पहिला आक्षेप उभा राहतो. प्रयत्न हा झोपेचा वैरी आहे हे ती जाणते. परंतु ती ज्या प्रश्नावल्यांवर विसंबते, त्यांत काळजी ही पुष्कळदा रुग्णाची कृती म्हणूनच अवतरते. झोपेला घटनेचा मान दिला जातो, काळजीला मात्र दिला जात नाही. टॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली केलेल्या काळजीच्या व्याख्येत, ती बऱ्याच अंशी आवरता न येणारी विचारांची व प्रतिमांची साखळी आहे, असे म्हटले आहे. आवरता न येणे हेच जर तिचे लक्षण असेल, तर तिच्याविषयीचा मराठी प्रश्न ‘येणे’ आणि ‘लागणे’ या क्रियापदांनीच विचारला पाहिजे.

दुसरा आक्षेप ‘प्रमाणाबाहेर’ या विशेषणाविषयी आहे. प्रमाण कोणाचे? ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याची नोकरी जाण्याच्या बेतात आहे, त्याची काळजी प्रमाणाबाहेर आहे असे म्हणण्यापूर्वी त्याच्या परिस्थितीचे माप घ्यावे लागेल, आणि हे माप प्रतिमानाच्या चौकटीत नाही. धृतराष्ट्राचा दाह अवाजवी होता असे कोण म्हणेल? हार्वी यांच्या बाजूने असे म्हणता येईल की, काळजी रास्त असली तरी ती रात्री दोन वाजता बिछान्यावर वाहून काहीच सुटत नाही; आणि हे खरेच आहे. परंतु मग ‘प्रमाणाबाहेर’ऐवजी ‘अवेळी’ असे म्हणावे. दोष काळजीच्या मापाचा नसून वेळेचा आहे. मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांचा २०१८ सालचा प्रयोग या दुरुस्तीला अनुकूल आहे. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्या तरुणांना, झालेल्या कामांची यादी लिहिणारांपेक्षा लवकर झोप लागली. ते निद्रानाशाचे रुग्ण नव्हते, ही मर्यादा मात्र विसरता कामा नये.

तिसरा मुद्दा आक्षेपापेक्षा सूचनेच्या स्वरूपाचा आहे. काळजी ही मुख्यतः शब्दरूप असते, चित्ररूप नव्हे, असे बोर्कोव्हेक यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. माणूस काळजीत स्वतःशी बोलत असतो. हे खरे असेल तर अंतर्गत बोलणे रोखल्याने काळजी रोखली जावी. १९९१ साली लेव्ही आणि सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर एक उपाय सुचविला : अर्थहीन असा एखादा छोटा शब्द मनातल्या मनात, अनियमित अंतराने उच्चारीत राहावे. नामजपाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा उपाय ओळखीचा वाटेल. परंतु ‘अनियमित’ ही अट महत्त्वाची आहे. जप लयीत पडला की जीभ आपले काम करीत राहते आणि मन आपल्या वाटेने निघून जाते, हा अनुभव पुष्कळांचा आहे. २००२ सालीच हार्वी आणि पेन यांनी दुसरी वाट तपासली. निद्रानाशाच्या रुग्णांना एखादे रम्य दृश्य तपशिलाने मनासमोर आणावयास सांगितले, तेव्हा कोणतीही सूचना न दिलेल्यांपेक्षा त्यांना झोप लवकर लागल्याचे त्यांनी कळविले. शब्दांची जागा चित्राने घेतली की काळजीचे माध्यमच काढून घेतले जाते, असा याचा अर्थ लावता येईल.

चौथी गोष्ट परिभाषेची. इंग्रजीतील ‘अराउजल’ या संज्ञेसाठी आपल्याकडे ‘उत्तेजना’ आणि ‘उद्दीपन’ हे पर्याय पुढे येतात. ‘उत्तेजना’ला प्रोत्साहनाची आणि कामुकतेची छटा आहे. ‘उद्दीपन’ हा शब्द रसशास्त्राने आधीच घेतलेला आहे. तेथे उद्दीपन विभाव म्हणजे भाव चेतविणारी बाह्य परिस्थिती. चेतविणारी वस्तू आणि चेतलेली अवस्था यांची गल्लत त्यामुळे अटळ होते. याउलट ‘झोप चाळवली’ हा प्रयोग घरोघर बोलला जातो आणि नेमकी हीच अवस्था दाखवितो. ‘चाळवलेपण’ ही संज्ञा कानाला अपरिचित वाटेल, पण रुग्णाला ती समजावून सांगावी लागणार नाही, हा तिचा मोठा लाभ.

एका मर्यादेचा उल्लेख केल्यावाचून हे परीक्षण पुरे होणार नाही. चाळवलेपण केवळ मनाचे नसते. बॉनेट आणि अरँड यांनी १९९५ साली निद्रानाशाच्या रुग्णांचा चोवीस तासांचा चयापचय मोजला, तेव्हा तो रात्रीच नव्हे तर दिवसाही नीट झोपणारांपेक्षा अधिक आढळला. तेव्हा काळजीमुळे शरीर चाळवते, की चाळवलेल्या शरीरात विचारांना आयतेच घर मिळते, हा प्रश्न हार्वी यांच्या चक्रात एका बाजूनेच सोडविला जातो. चक्राला आरंभ नसतो, हे मान्य; परंतु उपपत्तीने आरंभ विचारापासून केला आहे, हे ध्यानात ठेवावे.

असे असले तरी उपचाराच्या बाबतीत या विचारसरणीचे यश नाकारता येत नाही. प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर औषधांपूर्वी बोधात्मक-वर्तनात्मक उपचार करावा, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ साली आणि युरोपीय निद्रासंशोधन संस्थेने २०१७ साली केली आहे. या उपचारातील आज्ञा ऐकण्यासारख्या आहेत : झोप येऊ लागली तरच बिछान्यावर जा, झोप लागत नसेल तर उठा, सकाळी ठरल्या वेळी उठा. यांपैकी पुष्कळशा रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ सालीच सांगितल्या होत्या. त्यांची क्रियापदे पाहावीत. आज्ञार्थी आहेत ती ‘जाणे’ आणि ‘उठणे’. ‘येणे’ आणि ‘लागणे’ यांना कोठेही आज्ञा केलेली नाही, त्यांची फक्त वाट पाहिलेली आहे. उपचाराचे सारे शहाणपण या वाटणीत आहे. जे कर्तरी आहे ते माणसाने करावे. जे यावयाचे आहे त्याला यावयास मोकळीक द्यावी.

ही वाटणी मराठी बोलणाऱ्या रुग्णाला नव्याने शिकवावयाची नाही. ती त्याच्या तोंडी आहेच. प्रश्नावल्या मराठीत आणणारांनी आणि रुग्णाशी मराठीत बोलणारांनी ती हरवू देऊ नये, एवढीच अपेक्षा. विदुराने धृतराष्ट्राला ‘तू का झोपत नाहीस?’ असे विचारले नाही. तुझ्यात कोणते जागरण शिरले आहे, अशा रोखाने विचारले. तपासणीच्या कागदावरील पहिला प्रश्न इतका नेमका झाला, तरी पुष्कळ काम होईल.